प्रयोगवहीतील साक्ष



आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांत विज्ञान हा विषय शिकविला जातो, आणि वैज्ञानिक पद्धती म्हणजे काय असे विचारल्यास सातवी-आठवीचा कोणताही बरा विद्यार्थी तिच्या पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवितो: निरीक्षण, प्रश्न, तर्क, प्रयोग, निष्कर्ष. पाठांतर चोख असते. परंतु पायऱ्या म्हणून दाखविणे व त्या चढणे ह्यांत फार अंतर आहे. पोहण्याचे नियम तोंडपाठ असलेला मुलगा पैनगंगेच्या डोहात उतरला म्हणजे ते अंतर कळून येते. यास्तव प्रस्तुत लेखात एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मुलांस वैज्ञानिक पद्धती शिकविणे हे केवळ बुद्धीचे शिक्षण आहे, की ते शीलाचेही शिक्षण आहे? आमचे म्हणणे असे की, ह्या पद्धतीचा पहिला व सर्वांत अवघड धडा प्रामाणिकपणाचा आहे, आणि तो धडा राहिला तर पुढचे सर्व शिकविणे भुसा कांडण्यासारखे होते.

हे एका उदाहरणाने पाहू. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी व तूर ह्यांच्या जोडीला सोयाबीनचा पेरा मोठा आहे. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ व नाजूक असते. मळणीत मार बसला, पोती एकावर एक उंच रचली, किंवा ओल लागली, तर दाणा वरून चांगला दिसतो, परंतु उगवत नाही. म्हणून घरचे बी पेरण्यापूर्वी त्याची उगवण तपासून पाहावी असे कृषी खाते शेतकऱ्यांस सांगत असते. रीत सोपी आहे. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून बी काढावे. ते एकत्र करून त्यांतून न निवडता शंभर दाणे मोजून घ्यावे. ओल्या गोणपाटावर ते ओळींनी मांडून गोणपाटाची गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून ओल टिकवावी, आणि आठवड्याभराने उलगडून किती दाण्यांना निकोप कोंब आले ते मोजावे. सत्तर किंवा अधिक उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे. थोडे कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे. फारच कमी उगवले तर ते बी पेरण्याच्या कामाचे नाही असे समजावे.

ह्या एका गुंडाळीत संपूर्ण वैज्ञानिक पद्धती सामावलेली आहे. हे बी उगवेल काय, हा प्रश्न. गेल्या साली उगवले, यंदाही उगवेल, हा तर्क. गोणपाट हा प्रयोग. शंभरांत किती, हे उत्तर. ह्यांत विशेष गोष्ट अशी की, उत्तर देणारा घरातील आजा नव्हे, शाळेतील गुरुजी नव्हेत, आणि बियाणे विकणारा दुकानदारही नव्हे; उत्तर बी स्वतः देते. माणसाने ते जसे आहे तसे ऐकून घ्यावयाचे असते.

परंतु ते उत्तर बिघडविण्याच्या वाटा किती आहेत पाहा. मुलाने पोत्यात हात घालून टपोरे, चकचकीत दाणे वेचले, तर गोणपाटात नव्वद उगवतील व शेतात पन्नास. कोणास फसवावे असा त्याचा बेत नव्हता. चांगले ते उचलावे ही सवय हातालाच असते. म्हणून न निवडता घेण्याची अट. दहाच दाणे घेतले, तर एक दाणा इकडचा तिकडे झाला की शेकडा दहाचा फरक पडतो. म्हणून शंभरांची अट. कोंब फुटून मग कुजलेला दाणा उगवला असे धरावे की नाही, हे मोजण्यापूर्वी ठरविले पाहिजे. मोजता मोजता ठरविले तर मन आपल्या इच्छेच्या बाजूने कौल देते. म्हणजे ह्या पद्धतीतील प्रत्येक अट ही माणसाने स्वतःच्या मनाला घातलेला लगाम आहे. दुसऱ्याने आपणांस फसवू नये म्हणून आपण सावध असतोच. आपणच आपणांस फसवू नये ह्यासाठी ही सारी व्यवस्था आहे.

आता असे समजा की, दोन मुलींनी एकाच पोत्यातून शंभर शंभर दाणे घेतले. एकीचे ७४ उगवले, दुसरीचे ६८. अशा वेळी वर्गात बहुधा हाच प्रश्न निघतो की, बरोबर कोणाचे? मग हुशार गणल्या गेलेल्या मुलीचा आकडा पाहून दुसरी आपला आकडा खोडते. तेथेच विज्ञान संपले. वस्तुतः दोघींचेही बरोबर आहे. शंभर दाण्यांच्या मोजणीत चार-पाचांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. दोन्ही आकडे लिहावे, आणखी शंभर दाणे लावावे, आणि मग सरासरी काढावी, हा सरळ मार्ग. खोडलेला आकडा म्हणजे पुसून टाकलेला पुरावा होय. आणि पेरणी शेवटी त्या पुराव्यावरच व्हावयाची असते. दुबार पेरणी म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यात कोणास समजावून सांगावे लागत नाही. बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा घालावयाचे, व तेही बहुधा उसने आणून.

शाळेतील आणखी एक उदाहरण घेऊ. पाणी १०० अंश सेल्सिअसवर उकळते असे पुस्तकात आहे. ते समुद्रसपाटीचे माप आहे. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून तेथे शुद्ध पाणी सुमारे साडेअठ्ठ्याण्णव अंशांवरच उकळू लागते. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंच आहे. तेथे ते ९६ व ९७ अंशांच्या दरम्यान उकळते. आता यवतमाळच्या एखाद्या शाळेत मुलाने तापमापक पाहिला, त्यात पारा १०० पर्यंत चढला नाही, तरी त्याने वहीत १०० लिहिले, आणि वहीवर बरोबरची खूण मिळाली. ह्या मुलाने त्या दिवशी काय शिकले? डोळ्यांनी पाहिलेले लपवावे व मोठ्यांस हवे ते लिहावे, हेच तो शिकला. दुसऱ्या मुलाने ९८ लिहिले, आणि असे का, हे विचारले. कदाचित तापमापकच सदोष असेल. मग दुसरा तापमापक लावून पाहू. तोही तेच दाखवितो काय? मग उंचीचे कारण असेल काय? तसे असेल तर चिखलदऱ्यास पारा आणखी खाली थांबला पाहिजे. हा जो दुसरा मुलगा, त्याला पायऱ्यांची नावे कदाचित येत नसतील. परंतु तो पायऱ्या चढत आहे.

प्रयोगवही ही वास्तविक साक्षीची वही आहे. मी हे केले, मला हे दिसले, असे तीत मूल आपल्या हाताने लिहिते. न्यायालयात उभ्या असलेल्या साक्षीदारास आपण जो नियम लावतो तोच येथे लागू आहे. तथापि कित्येक ठिकाणी ही वही उलटी लिहिली जाते. आधी पुस्तकातील निष्कर्ष उतरवून घ्यावयाचा, मग त्यास जुळतील अशी निरीक्षणे रचावयाची, आणि कित्येकदा प्रयोग करावयाचाच नाही. आई-बाप ह्याकडे लबाडी म्हणून पाहत नाहीत. अभ्यासाचा भाग म्हणून पाहतात. ज्या घरात कोंबडी चोरली तर मुलास शिक्षा होते, त्याच घरात निरीक्षण चोरले तर शाबासकी मिळते. हा विसंगतपणा आपल्या मंडळीतील वडीलधाऱ्यांनी नीट ध्यानात घेण्यासारखा आहे.

प्रामाणिक हेतू असला म्हणजे भागले काय? तेवढ्याने भागत नाही. प्रामाणिक माणूसही चुकतो, आणि म्हणून ह्या पद्धतीने काही कसोट्या शोधून काढल्या आहेत. त्यांपैकी तीन मुलांना अवश्य कळाव्या.

पहिली कसोटी तुलनेची. दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील दहा दिवसांची परीक्षा आपल्या वाचकांस ठाऊक आहे. शास्त्रवचनास विज्ञानाचा टेकू द्यावा असा आमचा उद्देश नाही. तिची मांडणी मात्र पाहण्यासारखी आहे. मुदत आधी ठरली, एका बाजूस शाकान्न व पाणी घेणारे व दुसऱ्या बाजूस राजाचे अन्न खाणारे असे दोन गट झाले, आणि निर्णय तिसऱ्याने दिला. चौघांची संख्या आजच्या मापाने फार थोडी, ही गोष्ट खरी. परंतु तुलनेवाचून गुण कळत नाही, ही जाण तीत आहे. आपल्याच प्रांतातील उदाहरण मुंबईचे आहे. १८९६ साली तेथे प्लेगने थैमान घातले. वाल्देमार हाफकिन ह्यांनी प्लेगवर लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तेथील बंदिवानांपैकी जवळजवळ निम्म्यांनी लस टोचून घेतली. एकच तुरुंग, एकच अन्न, एकच साथ. फरक काय तो लशीचा. पुढील दिवसांत न टोचलेल्यांमध्ये रोगी व मृत्यू अधिक झाले, टोचलेल्यांमध्ये थोडे. केवळ टोचलेलेच मोजले असते, तर हे कधीच सिद्ध झाले नसते. बंदिवानाची संमती खरोखर मोकळी असते काय, हा प्रश्न त्या प्रयोगापुढे आज उभा राहतो, आणि मुलांनी तोही विचारावा. कारण माणसांवर केलेल्या प्रयोगात सत्य शोधण्याइतकेच त्या माणसांना जपणेही आवश्यक आहे.

दुसरी कसोटी अशी की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व मजूर दगावले, आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. ते दुःख अनेक घरांत अजून ताजे आहे. त्या वेळी कारणे अनेक सांगण्यात आली. पीक पुरुषभर उंच वाढल्याने फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. फवारणीचे पंप अधिक जोराचे होते. हातमोजे व मुखपट्टी नव्हती. बोंडअळीच्या भयाने फवारण्या वाढल्या होत्या. चावडीवर प्रत्येकास आपले एक कारण खरे वाटत असे. ह्या गोष्टी एकत्र गुंतलेल्या असता कोणत्या कारणाचा वाटा किती, हे नुसत्या वादाने ठरत नाही. एकेक धागा वेगळा करून पाहावा लागतो, आणि त्यास धीर लागतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पूर्ण पुरावा हाती येईपर्यंत मजुरास उघड्या अंगाने फवारू द्यावे, असा ह्याचा अर्थ नाही. शोध चालू असता रक्षण थांबत नाही. १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली, तेव्हा वैज्ञानिक दृष्टिकोन व मानवतावाद ही दोन्ही एकाच कलमात शेजारी शेजारी ठेवली गेली, हे योग्यच झाले.

तिसरी कसोटी अशी की, फसलेलेही मोजावे. सर्पदंशाचे पाहा. आपल्याकडे आढळणाऱ्या सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी आहेत. आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. तेव्हा मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी पुष्कळ जण त्याने काहीच केले नसते तरी वाचले असते. जे वाचले ते गावभर त्याचे नाव सांगत फिरतात. जो गेला तो सांगावयास येत नाही, व त्याच्या घरचे दैवाला दोष देतात. अशा रीतीने मांत्रिकाची कीर्ती वाढत जाते, आणि पुढील खेपेस नाग, मण्यार, घोणस वा फुरसे चावलेला मुलगा रुग्णालयाऐवजी त्याच्या अंगणात नेला जातो. प्रतिविष रुग्णालयात असते. हाफकिन ह्यांच्या नावाने मुंबईत जी संस्था उभी आहे, तेथेही ते तयार होत आले आहे. ज्या मुलाला वाचलेले व गेलेले दोन्ही मोजावयास शिकविले, तो आपल्या भावास योग्य दारी घेऊन जाईल. हीच मोजदाद आपण आपल्या मंडळीतील साक्षींसही लावण्यास कचरू नये. हवे ते झाले तेवढेच बोलावे व न झाले ते झाकावे, ह्याने विश्वास बळावत नाही, पोकळ होतो.

येथे कोणी शंका घेतील की, असे प्रश्न विचारावयास शिकविले तर मुले वडिलांचा व गुरुजनांचा मान ठेवणार नाहीत. ही शंका हलकी नाही. परंतु मान व पुरावा ह्या दोन वस्तू निराळ्या आहेत. गुरुजी, मला ९८ दिसले, असे नम्रपणे सांगणारा मुलगा गुरुजींचा अवमान करीत नाही. उलट गुरुजी सत्याचे चाहते आहेत असे तो गृहीत धरतो, आणि ह्याहून मोठा मान कोणता? दुसरी शंका अशी की, सर्वच गोष्टी गोणपाटात गुंडाळून तपासता येतील काय? येणार नाहीत. दिलेले वचन का पाळावे, दुर्बळास का जपावे, मनुष्याची किंमत काय, ह्यांची उत्तरे शंभर दाणे मोजून मिळत नाहीत. पद्धतीची मर्यादा ओळखणे हादेखील पद्धतीचाच भाग आहे. मात्र ही मर्यादा ढाल म्हणून वापरू नये. विष उतरले, ताप गेला, पाऊस आला, ही विधाने मोजता येण्याजोगी आहेत, आणि ती करणाऱ्याने मोजणीस भिऊ नये.

हे सर्व गरीब शाळांत साधेल काय? साधले आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत एक उपक्रम सुरू झाला. किशोर भारती ही संस्था व रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर हे क्वेकर लोकांनी चालविलेले केंद्र, ह्या दोघांनी तो हाती घेतला. पुढे १९८२ पासून एकलव्य ह्या संस्थेने तो वाढविला. तेथे मुले चौघाचौघांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, शेतातून पाने, किडे, माती आणीत, सर्व टोळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले जात, आणि फरक का पडला ह्याची चर्चा होई. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मोकळीक असे, कारण पाठांतर तपासावयाचे नव्हते. २००२ साली सरकारी आदेशाने तो उपक्रम बंद झाला. परंतु तीस वर्षांत शेकडो साध्या शाळांत हे काम चालले, ही गोष्ट आदेशाने पुसली जात नाही. महागडी प्रयोगशाळा नसली तरी चालते, असे त्या शाळांनी दाखवून दिले. चुकीच्या वाटणाऱ्या आकड्याला फळ्यावर जागा देणारा शिक्षक मात्र हवा.

आपल्या मंडळ्यांत जे शिक्षक, उपदेशक व पालक आहेत, त्यांनी येत्या मृगापूर्वी एवढे करून पाहावे. मुलांकडून घरच्या बियांची उगवण तपासवावी. गुंडाळी उलगडण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा, म्हणजे मागाहून मला हेच वाटले होते असे म्हणता येणार नाही. दोन मुलांनी एकमेकांस न विचारता मोजावे. आकडे जुळले नाहीत तर दोन्ही ठेवावे, खोडरबर दूर ठेवावे. कपाशीच्या शेतात कामगंध सापळा असेल तर त्यात रोज सकाळी किती पतंग सापडले ते तारखेनिशी लिहून ठेवण्याचे काम एखाद्या मुलीस द्यावे. सतत तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले तर गुलाबी बोंडअळीवर उपाय योजावा असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे तिच्या वहीतील आकड्यावर बापाने विष विकत आणावयाचे की नाही हे ठरणार आहे. एक दिवस मोजावयास विसरली, तर तिने ती जागा कोरी सोडावी. मनाने आकडा भरू नये. आणि कोरी जागा दाखविणाऱ्या त्या मुलीस कोणी रागे भरू नये.

कारण ज्या दिवशी मूल आपल्याला न आवडणारा आकडा, कोणी न सांगता, स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवते, त्या दिवशी ते वैज्ञानिक पद्धती शिकले असे समजावे. पायऱ्यांची नावे मागाहून शिकविली तरी चालतील.